टाकीच्या तळाशी

पुण्याला समुद्र नाही, आणि मुळा-मुठेची आजची अवस्था पाहता नदी आहे असं म्हणायलाही धीर लागतो. तरी या शहराचं बोटींशी नातं जुनं आहे. बंडगार्डनजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 सालचा. इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब 1928 सालचा. त्याच्या रेगाटाला आजही नदीकाठी गर्दी होते. कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधल्या (सीएमई) सैन्याच्या रोइंग केंद्रात घडलेला, चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत 13वा आला. या सगळ्या बोटी वल्ह्यांच्या. त्यांचं इंधन खेळाडूच्या पोटात असतं आणि ते शिळं निघालं तर बिघाड कुठे आहे हे विचारावं लागत नाही.

मला लिहायचं आहे ते दुसऱ्या बोटींबद्दल. त्या पुण्यात फारशा कुणाला दिसत नाहीत. महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे त्या आहेत, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडे आहेत, तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5वी बटालियन आहे तिच्याकडे आहेत. रबराच्या फुगवायच्या किंवा फायबरच्या, आणि मागच्या फळीला अडकवायचं एक इंजिन. या इंजिनाला खात्यातला कुणीच पूर्ण नावाने हाक मारत नाही. ते ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर. वर्षातले बहुतेक महिने ते शेडमध्ये लाकडी घोड्यावर टांगलेलं असतं आणि शेजारी त्याची लाल किंवा काळी टाकी पडलेली असते. मग एखादी पहाट येते. 25 जुलै 2024 ची आली तशी. खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी 35 हजार क्युसेकच्या पुढे गेलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यांमध्ये पाणी शिरलं आणि गल्ल्यांमधून बोटी फिरवायची वेळ आली. अशा वेळी इंजिनाची दोरी ओढली की दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला ते सुरू व्हायला हवं. ते होणार की नाही हे पुष्कळदा महिन्यांपूर्वीच ठरलेलं असतं, टाकीच्या तळाशी.

ओबीएमच्या टाकीत भानगडीचं असं काही दिसत नाही. साधारण 12 किंवा 24 लिटरची प्लॅस्टिकची टाकी, झाकणावर हवेचा छोटा स्क्रू, आत तळापर्यंत गेलेली एक नळी आणि तिच्या टोकाला जाळी. बाहेर रबरी पाइप, पाइपच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी बल्ब, आणि इंजिनाला जोडायचं खटक्याचं कनेक्टर. इंजिनाच्या आत एक छोटा फिल्टर, पुढे पंप, आणि जुन्या इंजिनांत कार्बोरेटर. इतकंच. पण इंधन ओढणारी नळी तळाजवळून ओढते, आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं. पेट्रोलची घनता 0.72 ते 0.77 च्या दरम्यान, पाण्याची 1. म्हणजे टाकीत जे काही नको ते येईल ते नेमकं नळीच्या तोंडाशी जाऊन बसतं. लोणकढ्या तुपाच्या तळाशी बेरी बसते तसंच, फक्त बेरी खाता येते.

हे पाणी येतं कुठून? कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो सांगेल, हवेतून. रात्री गारवा पडतो, टाकीतल्या मोकळ्या जागेतली वाफ भिंतींवर थिजते आणि थेंब खाली ओघळतात. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाट आणि दुपार यांच्या तापमानात 20 अंशांचाही फरक पडतो, त्यामुळे हे स्पष्टीकरण पटतंही. मी कागदावर हिशोब मांडून पाहिला. 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम पाणी मावतं. अर्ध्या भरलेल्या 24 लिटरच्या टाकीत हवा 12 लिटर. दिवस-रात्रीच्या फरकाने तिच्यातली पंधरावा हिस्सा हवा आत-बाहेर होते असं धरलं, आणि प्रत्येक श्वासातलं सगळं पाणी आतच राहिलं असंही धरलं, तरी आठ महिन्यांत जमा होतं ते सहा ग्रॅमच्या आसपास. चहाचा एक चमचा. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकून इंजिन बंद पाडायला साधारण पेट्रोलमध्ये तेवढंही पुरतं, हे खरं. पण टाक्यांमधून कधी कधी पाव-अर्धा लिटर पाणी निघतं, ते हवेतून आलेलं नसतं. ते आलेलं असतं झाकणावाटे. बोट पाइपने धुताना टाकी तिच्यातच राहते आणि हवेचा स्क्रू उघडा असतो. कॅन पावसात उघड्यावर असतो आणि त्याच्या झाकणाच्या खळग्यात साचलेलं पाणी ओतताना आत जातं. नरसाळं ओलं असतं. हवेला दोष देणं सोयीचं आहे, कारण हवेवर सही कुणाची नसते.

आता यात इथेनॉल आलं. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट जून 2022 मध्ये गाठलं गेलं, 20 टक्क्यांचं मिश्रण फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. हे इथेनॉल पुण्याला परकं नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून उसावर काम करते आहे, आसवन्यांचं तंत्रज्ञान जगभर विकणारी प्राज इंडस्ट्रीज 1983 पासून पुण्यातली, आणि जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या तर इथूनच दिसतात. ऊस लावणाऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. त्या वादात मी शिरत नाही. बोटीच्या टाकीच्या दृष्टीने मात्र नियम बदलले आहेत.

इथेनॉलला पाणी प्रिय. थोडं पाणी आलं तर ते त्याला आपल्यात विरघळवून घेतं आणि इंजिनातून जाळून टाकतं. वर सांगितलेला चमचाभर ओलावा या पेट्रोलमध्ये दिसणारही नाही. इथपर्यंत फायदाच. पण त्यालाही मर्यादा आहे. 10 टक्क्यांच्या मिश्रणात ती साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, 20 च्या मिश्रणात त्याहून जास्त, आणि गारठा वाढला की मर्यादा खाली येते. ती ओलांडली की पाणी एकटं खाली जात नाही. ते इथेनॉलला बरोबर घेऊन जातं. तळाशी पाणी आणि इथेनॉलचा एक जाड थर तयार होतो आणि वर उरतं ते ऑक्टेन घसरलेलं पेट्रोल. पूर्वी तळाशी कपभर पाणी असायचं ते काढलं की काम व्हायचं. आता खालचा थर काढला तरी वरचं पेट्रोल पहिल्यासारखं राहत नाही. टाकी पूर्ण रिकामी करण्याला पर्याय नसतो. शिवाय जुन्या पाइपांचं आतलं रबर इथेनॉलने फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते पापुद्रे फिल्टरमध्ये जाऊन बसतात. बोटीची इंजिनं बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. अमेरिकेत तर 15 टक्क्यांचं पेट्रोल बोटीत वापरायलाच मनाई आहे. आपल्याकडे ओबीएम चालवणाऱ्या यंत्रणेला पंपावर जे मिळेल ते घ्यावं लागतं, त्यामुळे इथे टाकी अधिक वेळा उघडायला हवी.

उघडायची म्हणजे काय करायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण घाई केली की यातलं काहीच कळत नाही.

टाकी आधी बोटीतून खाली काढायची, जमिनीवर, मोकळ्या हवेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती बोटीच्या तळात उतरून साचते आणि वास यायचा थांबला तरी तिथेच असते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं तरी ठिणगी पुरते. म्हणून बोटीत बसून, एका हातात मोबाईल धरून हे काम करणारा माणूस दिसला की मी चार पावलं मागे सरकतो. टाकी खाली ठेवली की तिच्या एका कोपऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवायचा, म्हणजे समोरचा कोपरा सगळ्यात खाली जातो. मग तिला हात लावायचा नाही. तासभर तरी. हलवलेल्या टाकीतून घेतलेला नमुना काही सांगत नाही.

मग हातपंपाने किंवा नळीने त्या खालच्या कोपऱ्यातून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यायचं. नळी तोंडाने ओढायची नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं. बरणी उन्हाच्या दिशेने धरली की साध्या पाण्याची रेघ लगेच दिसते. इथेनॉल-पाण्याचा थर मात्र पेट्रोलसारखाच नितळ असतो आणि रेघ डोळ्यांना चकवते. त्यावर एक सोपी युक्ती आहे. खाण्याचा रंग, जो जिलबीत घालतात तो, चिमूटभर टाकायचा. तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही. खाली पाण्याचा थर असेल तर तेवढाच थर रंगतो आणि किती साचलं होतं ते समोर उभं राहतं. पंपांवर टाकी तपासायची पट्टी असते, तिला लावायची पेस्ट पाणी लागलं की रंग बदलते. तीही चालते, फक्त ती इथेनॉलच्या मिश्रणासाठी बनवलेली हवी. जुनी पेस्ट इथेनॉल-पाण्याच्या थरात गोंधळते. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे तेही घरच्या घरी कळतं. मोजपात्रात 10 मिलि पाणी आणि 90 मिलि पेट्रोल घालून हलवून ठेवलं की खालचा थर 10 वरून वाढतो. तो 28 च्या आसपास पोहोचला तर मिश्रण 20 टक्क्यांचं.

बरणीत थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी. नाही दिसला आणि पेट्रोल दोन महिन्यांपेक्षा जुनं असेल, तरी माझं मत रिकामी करण्याचंच. नंतर बॅटरीच्या उजेडात आत पाहायचं. तळाला चिकटा, वाळूचे कण, झाकणाच्या रबराचे तुकडे सापडतात. थोडं ताजं पेट्रोल घालून टाकी खळखळवायची, तेही काढून टाकायचं. नळीच्या टोकाची जाळी काढून बघायची. पाइप बोटांनी दाबत जायचं. कुठे मऊ लागला किंवा तडे दिसले तर बदलायचा. रबरी बल्ब हा या सगळ्यातला प्रामाणिक भाग आहे. दोन्ही बाजू जोडून तो दाबत राहिला की थोड्या वेळात घट्ट होतो. घट्ट झालाच नाही तर कुठेतरी हवा आत येते आहे, बहुधा कनेक्टरच्या रबरी रिंगेतून. घट्ट झाला पण इंजिन चालू असताना चपटा पडत गेला तर टाकीचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा जाळी तुंबली आहे.

या हवेच्या स्क्रूवर एक परिच्छेद खर्च करायला हरकत नाही, कारण ऐन पुरात इंजिन बंद पडल्याच्या गोष्टींमध्ये तो फार वेळा येतो. इंधन बाहेर पडलं की तेवढी हवा आत यायला हवी. स्क्रू बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिन सुरुवातीला झकास चालून दहा-वीस मिनिटांनी मरतं. कुणीतरी झाकण उघडतो, 'फुस्स' आवाज येतो, इंजिन पुन्हा सुरू होतं, आणि सगळे पेट्रोल पंपाला शिव्या देतात. उलट वाहतुकीत आणि साठवणीत तो बंदच हवा, नाहीतर पाणी आत येतं. एकच स्क्रू, दोन वेळा दोन वेगळ्या जागी. माणसाने विसरावं म्हणूनच तो केलेला आहे असं वाटतं.

टाकीनंतर इंजिनाकडे. फिल्टरची छोटी वाटी उघडायची. काही इंजिनांत तिच्यात लाल कडी असते, पाणी आलं की ती वर तरंगते. कार्बोरेटरच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सोडून आतलं सगळं पेट्रोल बरणीत घ्यायचं. आठ महिने तिथे राहिलेलं पेट्रोल वाळून हिरवट-पिवळा चिकट थर होतो आणि जेट बुजवतो. म्हणून हंगाम संपताना, पिंपात गोडं पाणी भरून त्यात इंजिन चालू ठेवायचं आणि पेट्रोलचा पाइप काढून घ्यायचा. कार्बोरेटरमधलं शेवटचं पेट्रोल जळालं की ते आपोआप थांबतं. पाण्याशिवाय मात्र चालवायचं नाही, थंड करणाऱ्या पंपाचं रबरी चक्र कोरडं फिरलं की लगेच फाटतं.

मेमध्ये वर्तमानपत्रांत मान्सूनपूर्व तयारीचे फोटो येतात. बोट पाण्यात, जवान लाइफ जॅकेट घालून उभे, मागे अधिकारी. प्रात्यक्षिकाला वाईट म्हणायचं कारण नाही. पण त्या दिवशी टाकीत बहुधा त्याच सकाळचं पेट्रोल असतं, पाणी संथ असतं आणि फेरी दहा मिनिटांची. उरलेलं पेट्रोल तसंच राहतं, आणि जुलैच्या पहाटे बोट निघते ती त्या उरलेल्यावर. नवी बोट घेतल्याची बातमी होते, तिचं पूजन होतं. टाकी उपसल्याची बातमी कुठे होणार? मला यात कुणा एका खात्याचा दोष दिसत नाही. ज्या कामाचा फोटो निघत नाही त्याला वर्षानुवर्षं माणूस नेमला जात नाही, हे आपल्या सगळ्याच कार्यालयांना लागू आहे.

आणि ऐन वेळी ताजं पेट्रोल आणू म्हणावं, तर पूर आलेल्या रात्री पंप बंद असतात किंवा वीज गेलेली असते. साठा करावा, तर 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं. म्हणजे एक मोठी टाकी आणि वर थोडं. मग राहतो एकच शहाणा मार्ग: पेट्रोल शिळं होण्याआधी वापरून टाकायचं. जून ते सप्टेंबर दर काही आठवड्यांनी टाकी अग्निशमन केंद्रातल्या दुचाकींमध्ये रिकामी करायची आणि नवी भरायची. खर्च जवळजवळ शून्य. अट एकच, इंजिन चार स्ट्रोकचं हवं. दोन स्ट्रोकच्या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, लिटरला 20 मिलिच्या हिशोबाने, आणि ते दुचाकीत ओतलं तर केंद्रासमोर धुरळणीचं यंत्र फिरल्यासारखं दिसेल.

पेट्रोलची गोष्ट इथवर. पण मराठी मुलखातली बहुतेक बोट-इंजिनं डिझेलची आहेत, आणि त्यातली विद्या घाटाखाली अधिक मुरलेली आहे. गंमत अशी की त्या विद्येचं एक टोक पुण्यातच आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये स्थापन झाली, तिचा खडकीचा कारखाना पुणेकरांना पत्ता सांगायच्या कामी येतो. तिथल्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला डिझेलची शिस्त शिकवली. विहिरीवरचं इंजिन डिझेल संपून बंद पडलं की नुसतं डिझेल भरून चालत नाही, 'एअर काढावी' लागते, हे ज्याला शाळेत विज्ञानात काठावर गुण मिळाले त्यालाही ठाऊक होतं. हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या बोटींवर लेलँडची किंवा दुसऱ्या कुणाची इंजिनं असतील, पण रीत तीच.

कोकणात या कामाला पंचांगासारखी ठरलेली वेळ आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात. जाळी विणायची, रंग काढायचा, आणि जो तांडेल नीट असतो तो याच दिवसांत डिझेलची टाकी उपसतो. ही टाकी बोटीच्या पोटात पक्की बसवलेली, शेकडो लिटरची, लोखंडी किंवा स्टीलची. तिच्या तळाला उतार दिलेला असतो आणि सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचा कॉक. इंधन ओढणारा पाइप तळापासून थोडा वर ठेवलेला असतो, म्हणजे खालचा गाळ ओढला जाऊ नये. बंदरात बोट उभी असताना या रचनेने सगळं सुरळीत चालतं. भर वाऱ्यात बोट डुलायला लागली की तळ ढवळला जातो, महिनोन्महिने शांत बसलेला गाळ वर येतो आणि अर्ध्या तासात फिल्टर बंद. बोट किनाऱ्यालगत कधीच बंद पडली नाही, वादळातच का पडली, या प्रश्नाचं उत्तर दैवात शोधण्याआधी इथे शोधावं.

डिझेलमध्ये आणखी एक प्रकार असतो जो पेट्रोलमध्ये सहसा नसतो. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या पातळ पट्ट्यात बुरशी वाढते. राहायला पाणी, खायला डिझेल. हॉर्मोकोनिस रेझिनी या नावाची बुरशी यात प्रसिद्ध आहे. विमानांच्या टाक्यांमध्येही तिने उच्छाद मांडला होता. काळपट, बुळबुळीत लगदा होतो, फिल्टर उघडला की शेवाळासारखा हाताला लागतो. तिने सोडलेलं आम्ल टाकीचा पत्रा खातं. बाजारात तिला मारणारी औषधं मिळतात, पण पाणी काढलं नाही तर मेलेली बुरशी तळाशी आणि नवी तिच्यावर, इतकाच फरक पडतो. रोज निघण्याआधी कॉक सोडून काचेच्या पेल्यात थोडं डिझेल घ्यायचं आणि स्वच्छ धार येईपर्यंत काढत राहायचं, हे त्यावरचं जुनं औषध. 'तात्या, खालचं काढलंत का?' हा मिस्त्रीचा प्रश्न तांडेलाला अपमानासारखा वाटतो, कारण डिझेलचा भाव सगळ्यांना माहीत असतो आणि कराचा परतावा कधी हातात पडेल ते कुणालाच माहीत नसतं. पेलाभर डिझेल सांडायला जीवावर येतं.

जीवावर कशासाठी यावं ते इंजेक्शन पंप उघडला की कळतं. त्यातल्या दट्ट्या आणि नळीमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. ही फट डिझेलच्याच वंगणावर चालते. तिथे पाणी आलं की धातूवर धातू घासतो, आणि नोझलच्या टोकाशी पाण्याची एकदम वाफ झाली तर टोक उडतं. नाशिकचा मायको, आताचा बॉश, असे सुटे भाग बनवतो ते ज्या स्वच्छतेत बनवतो ती पाहिली तर टाकीतल्या लगद्याची लाज वाटेल.

टाकी उपसून झाली, फिल्टर बदलले, की एअर काढायची. क्रम टाकीकडून इंजिनाकडे. आधी काचेच्या वाटीचा फिल्टर, मग बारीक फिल्टरवरचा स्क्रू, मग इंजेक्शन पंपावरचा, शेवटी नोझलला जाणाऱ्या नळ्यांचे नट. प्रत्येक ठिकाणी स्क्रू जरा सैल करायचा, हाताने पंप मारायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. ते दिसलं की घट्ट. आवाजावरून आजार ओळखणारे मिस्त्री यातले पारंगत. इंजिनाचा आवाज वर-खाली होत असेल तर हवा. भार पडला की दम जातो आणि कमी केल्यावर परत येतो तर फिल्टर. काही सूचना न देता एकदम थांबलं तर आधी टाकीत पाणी बघ. नेहमी असंच असतं असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

हे छोट्या बोटींपुरतं नाही हे दाखवणारं एक उदाहरण जगाच्या दुसऱ्या टोकाचं. 5 जानेवारी 1993. ब्रेअर नावाचं टँकर जहाज नॉर्वेहून कॅनडाकडे सुमारे 85 हजार टन कच्चं तेल घेऊन निघालं होतं. वादळात त्याच्या डेकवर बांधून ठेवलेले सुटे लोखंडी पाइप सुटले आणि इकडून तिकडे आपटत डिझेल टाक्यांच्या हवेच्या नळ्या तोडून बसले. त्या फुटलेल्या नळ्यांतून समुद्राचं पाणी डिझेलमध्ये गेलं. इंजिन बंद, वीज बंद. खलाशांना हेलिकॉप्टरने उचललं. जहाज शेटलंड बेटांच्या खडकावर जाऊन फुटलं आणि पोटातलं सगळं तेल समुद्रात गेलं. इतकं तेल वाहून नेणारं जहाज स्वच्छ डिझेल नाही म्हणून गेलं. ओबीएमचा हवेचा स्क्रू आणि ब्रेअरच्या हवेच्या नळ्या यांचं काम अगदी एकच होतं.

घाटावरच्या गोड्या पाण्यातही हे सगळं लागू आहे. कोयनेच्या शिवसागरात बामणोली-तापोळ्याच्या बोटी, उजनीच्या फुगवट्यात भिगवणकडे फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटी. गोड्या पाण्याला लोक हलकं समजतात. उजनीत 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी मार्गावर वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. त्या दुर्घटनेचं कारण इंजिन नव्हतं, वारा होता. पण तसल्या वाऱ्यात बोटीचं नाक लाटेकडे धरून ठेवायला चालू इंजिन लागतं, आणि ते थांबलं की बोट आडवी होते.

राहता राहिला उपसलेल्या मालाचा प्रश्न, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. पुण्यात 12 लिटर शिळं पेट्रोल हातात आलं की सगळ्यात जवळचं गटार दिसतं, आणि गटार नदीला मिळतं. त्यातून गटारात पेट्रोलची वाफ साचणं म्हणजे दुसऱ्या अपघाताची सोय. थर न झालेलं पेट्रोल अग्निशमन केंद्राला आग विझवण्याच्या सरावात वापरता येईल. थर झालेलं आणि डिझेलचा गाळ हा 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येणारा माल आहे, तो परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचा. डिझेल दोन-तीन दिवस उंच पिंपात निथळायला ठेवलं तर वरचा स्वच्छ भाग गाळून शेतावरच्या इंजिनाला चालतो. खालचा लगदा वेगळ्या, घट्ट झाकणाच्या पिंपात ओतावा आणि पिंपावर रंगाने मोठ्या अक्षरांत 'गाळ' आणि तारीख लिहावी. न लिहिलेलं पिंप शेडमध्ये राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात घाईच्या रात्री कुणीतरी ते टाकीत ओततो.